वरचा, खालचा आणि मधला स्लॅब

बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या सोसायटीतून येवो किंवा इंदापुरात महामार्गालगतच्या आठ-दहा फ्लॅटच्या अपार्टमेंटमधून, गळतीची तक्रार एकाच वाक्यात येते : ‘वरच्यांचं पाणी आमच्यात उतरतंय.’ वाक्य छोटं आहे, पण त्यात आरोपी ठरलेला असतो, गुन्हा ठरलेला असतो आणि बहुतेकदा शिक्षाही. ठरलेलं नसतं ते एवढंच, की पाणी नेमकं कुठून येतंय. माझं काम तिथून सुरू होतं. इमारत पाहायची, ओलीचा माग काढायचा आणि सोसायटीला लेखी कळवायचं. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. ते वरच्याला आवडत नाही, खालच्यालाही नाही आणि कमिटीला तर मुळीच नाही. गळतीचा वाद दोन शेजाऱ्यांचा नसतोच; तो तिघांचा असतो. वरचा, खालचा आणि दोघांच्या मधला स्लॅब. हा स्लॅब सांभाळण्याची जबाबदारी सोसायटीची आहे. म्हणून सोसायटीने आधी स्वतःच्या खर्चाने पाण्याचा उगम शोधावा, दुरुस्ती करून घ्यावी आणि कुणी किती भरायचं याचा हिशेब त्यानंतर मांडावा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. आधी भरपाई देणारा माणूस शोधतात, तो कबूल होईपर्यंत दुरुस्ती अडून राहते, आणि तोवर स्लॅबमधली सळई गंजत असते.

ओल वाचता येते. बाथरूमखालच्या छतावर ताटाएवढा वाटोळा डाग असेल आणि त्याच्या मधून नहाणी ट्रॅपचा पाइप खाली येत असेल, तर पहिला संशय ट्रॅपच्या सांध्यावर घ्यावा. डाग पट्ट्यासारखा लांबट असून भिंतीत शिरत असेल तर आतून नळाची लाइन गेलेली असते. बीम आणि स्लॅब जिथे मिळतात तिथेच ओल धरली असेल आणि पलीकडे बाहेरची भिंत असेल, तर पाणी वरून नाही, बाजूने आलेलं आहे. डागाच्या कडेला लोणा लागला असेल तर ती जागा बरेच दिवस भिजत-वाळत आली आहे. हा लोणा बोटाने खरवडला की पिठासारखा झडतो, त्यामागे रंगाचा पोपडा सुटतो, आणि पोपड्यामागचं प्लास्टर बोटाच्या पेराने ठोकलं तर बद्द वाजतं. कडेला तांबूस छटा आली म्हणजे पाणी सळईपर्यंत पोचलं. काळवेळही बोलते. बारा महिने, अष्टौप्रहर सारखीच ओल असेल तर दाबाखालची लाइन, सकाळच्या अंघोळी उरकल्यावर वाढत असेल तर फरशी किंवा ट्रॅप, पावसातच दिसत असेल तर गच्ची नाहीतर बाहेरची भिंत. एवढ्यावर अर्थात निकाल देता येत नाही. पण कुठली चाचणी आधी घ्यायची ते ठरतं. नहाणीचं तोंड चिंध्या आणि ओल्या मातीने घट्ट बुजवायचं, बाथरूमच्या फरशीवर दोन इंच पाणी चोवीस तास उभं ठेवायचं, त्यात रंग कालवायचा आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवायचं. नळाच्या लाइनचे सगळे नळ बंद करून तिला हातपंपाने दाब द्यायचा आणि दाबमापकाचा काटा उतरतो का पाहायचं. दोन-तीन दिवसांचं काम आहे. दोन कुटुंबं दोन-दोन वर्षं बोलत नाहीत, ती या दोन-तीन दिवसांच्या अभावी.

बाथरूमच्या खालचा भाग समजून घेतला नाही तर दोन्ही बाजूंचे हुकमी पुरावे फसवे ठरतात. बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली टाकलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. हा कोबा पाणी पितो आणि सावकाश सोडतो. वरच्यांनी आज वापर थांबवला तरी खाली काही दिवस थेंब पडतच राहतात. म्हणून ‘आम्ही चार दिवस गावाला होतो तरी गळत होतं, मग पाणी आमचं कसं?’ हा वरच्यांचा सवाल बिनतोड वाटला तरी टिकत नाही. आणि ‘यांनी सांधे भरून घेतले म्हणतात, पण गळतंय ते गळतंयच’ ही खालच्यांची तक्रारही तेवढ्याच कारणाने टिकत नाही. शिवाय पाणी सरळ खाली पडतं हा आपला समज आहे. त्याला जिकडे उतार मिळेल तिकडे ते जातं. पाइपाच्या अंगाने, कोब्यातल्या पोकळीतून, कन्सील्ड वायरिंगच्या नळीतून ते एका खोलीत शिरून दुसरीत निघतं. दोनशे दोनमधलं पाणी एकशे एकच्या दिवाणखान्यात पंख्याच्या हुकाशी टपकलेलं दिसतं, आणि दोनशे एकच्या माणसाला विनाकारण बोलणी खावी लागतात.

इथल्या गळतीला इथल्या पाण्याचाही हातभार आहे. कालव्याचं आवर्तन लांबलं की इमारतींची भिस्त बोअरवर येते आणि बोअरचं पाणी जड. बाथरूमच्या फरशीवर, नळांवर क्षारांची पांढरी पुटं चढतात. ती घालवायला घरोघर ॲसिड वापरतात. ॲसिडने फरशी चकचकीत होते, पण सांध्यांतलं सिमेंटही खाल्लं जातं. सांधे उघडे पडले की रोजच्या अंघोळीचं पाणी कोब्यात उतरू लागतं. आता यात दोष कुणाचा? ज्या बाईंनी आपलं न्हाणीघर लखलखीत ठेवलं त्यांचा? त्यांना निष्काळजी म्हणणं अवघड आहे. घर त्यांनी अगदी काळजीने ठेवलं होतं. गच्चीवरच्या सोलरचंही तसंच. बंब खाजगी, गच्ची सामायिक. स्टँडचे पाय बोल्ट ठोकून आवळले की वॉटरप्रूफिंगला भोकं पडतात आणि त्यांतलं पाणी ज्याच्या डोक्यावर उतरतं, त्याचा त्या बंबाशी संबंध नसतो. पाणी अवेळी आलं म्हणून मोटार लावून झोपलेला माणूस, रात्रभर वाहणारी टाकी आणि सकाळी सर्वांत वरच्या मजल्यावरची ओली भिंत, हेही इथलं नेहमीचं चित्र. अशा प्रत्येक वेळी ‘चूक कुणाची’ या प्रश्नाला तीन-चार अर्धी उत्तरं मिळतात आणि पूर्ण एकही मिळत नाही.

त्यातच हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही तुकड्या-तुकड्यांनी. कोकणात नवी गच्ची पहिल्याच आषाढात पास तरी होते किंवा नापास. बारामती-इंदापुरात ती चार-पाच वर्षं परीक्षेलाच बसत नाही. उतार चुकलेला असतो, पावसाळी पाइपाचं तोंड गच्चीच्या पातळीपेक्षा वर राहिलेलं असतं, कठड्याशी गोलाई न देता काम उरकलेलं असतं, पण रिमझिमीत काही कळत नाही. मग ऑक्टोबर २०२० सारखी एखादी मुसळधार पावसाची रात्र येते. किंवा मे २०२५ सारखा आठवडा येतो. त्या वेळी पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला आणि दोन्ही तालुक्यांत पाणीच पाणी झालं. गच्चीची कामं लोक मे महिन्यात काढतात; त्या वर्षी पाऊसच मे महिन्यात आला. अशा एका पावसात इमारतीचे सगळे जुने दोष एकदम उघडे पडतात आणि तोवर दोष दुरुस्त करून देण्याची बिल्डरची मुदत टळलेली असते. १९६३ च्या मोफा कायद्यात ही मुदत ताब्यापासून तीन वर्षांची होती. रेरा कायद्याच्या कलम १४ ने ती पाच वर्षांची केली आणि कळवल्यापासून ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्ती करून देण्याचं बंधन घातलं. पाच वर्षं ऐकायला पुष्कळ वाटतात. पण जिथे जोराचा पाऊस पाच-सात वर्षांनी एकदा येतो, तिथे गच्चीपुरती ही मुदत बऱ्याचदा कागदावरच सरते. म्हणून ताबा मिळाल्यावर चौथ्या वर्षीच गच्चीवर पाणी उभं करून बघा, असं मी नव्या सोसायट्यांना सांगत असतो. फारसं कुणी ऐकत नाही.

आता नियम काय सांगतो ते पाहू. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींत सोसायटीने आपल्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादीच दिली आहे. गच्ची आणि कठडे, बाहेरच्या भिंती, सामायिक नळाच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी आणि त्यांची गळती, पावसाच्या पाण्याची गळती हे सगळं तीत येतं. सगळ्या सदनिकांच्या छतांची संरचनात्मक दुरुस्तीही तीत आहे. गच्चीतून गळून वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेसुद्धा सोसायटीकडेच. जे या यादीत नाही ते सभासदाने करायचं. आणि संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी संस्थेच्या हस्तक्षेपाने सोसायचा. हे शेवटचं कलम सगळ्यांच्या तोंडी असतं, पण ते शब्दशः कुणी वाचत नाही. तिथे ‘वरचा सभासद’ असा शब्द नाही. ‘संबंधित’ असा आहे. संबंधित कोण हे उगम सापडल्याशिवाय ठरणार कसं? आणि तो सापडावा म्हणूनच हस्तक्षेप सांगितला आहे. कमिट्यांनी या हस्तक्षेपाचा अर्थ ‘तुम्ही दोघं सामोपचाराने मिटवा’ असं पत्र पाठवणं एवढाच लावून घेतला आहे. त्या पत्राची आवक-जावक रजिस्टरात नोंद होते आणि सेक्रेटरी मोकळे होतात. वास्तविक पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करायची आणि कोणती दुरुस्ती लागते त्याचा अहवाल द्यायचा, हे काम उपविधींनी सेक्रेटरीकडेच दिलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो वाजवी आहे. दोन घरांच्या भांडणात बाकीच्या बावीस घरांनी खर्च का करावा? तळमजल्यावरचे, ज्यांच्या खाली कुणी नाही, ते हा प्रश्न जरा जोरातच विचारतात. माझं उत्तर असं. चाचणीचा खर्च भांडणावर होत नाही, तो स्लॅबवर होतो. स्लॅबमधली सळई फुगून कव्हर सुटलं की तो प्रश्न त्या दोन घरांचा राहत नाही; आणि ती दुरुस्ती उपविधींनी आधीच सोसायटीच्या माथी मारलेली आहे. म्हणजे आज थोडके वाचवायचे आणि पाच वर्षांनी त्याच बावीस घरांनी कैकपट भरायचे, असा हा सौदा आहे. पैसा आणायचा कुठून, हेही उपविधीच सांगतात : सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती-देखभाल निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड. इथल्या कित्येक इमारतींत दरमहा एकच ठोक ‘मेंटेनन्स’ गोळा होतो. तो लिफ्ट, लाइट, झाडू आणि वॉचमन यांत संपतो आणि दुरुस्ती निधी ऑडिटपुरता ताळेबंदात दिसतो. हा निधी खरोखर असता तर निम्मी भांडणं झालीच नसती.

हा मुलूख सामायिक पाण्याच्या बाबतीत नवखा नाही, हेही इथे सांगायला हवं. नीरा डावा कालवा आला, रानं हिरवी झाली, आणि काही वर्षांतच खालच्या अंगाच्या जमिनी चोपण होऊ लागल्या. हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच दुखण्यावर. खालच्या रानात मीठ फुटलं की वरच्या बागायतदाराकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण त्याने चोरी केली नव्हती. पाळीचं पाणी घेतलं होतं, जरा जास्त घेतलं होतं. पाझर कालव्याचाही होता, काळ्या मातीचा निचरा मुळात मंद होता. एका शेतकऱ्याने आपल्यापुरता चर खणून भागत नाही. चर नाल्यापर्यंत न्यायचा तर तो चार जणांच्या बांधातून जातो. निचरा हे सामायिक काम आहे, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांना कालव्याने शिकवलं, त्यांचीच नातवंडं फ्लॅटमध्ये आल्यावर ‘ज्याचं पाणी त्याने बघावं’ म्हणतात, तेव्हा मला त्याचं नवल वाटतं. स्लॅबवरचा लोणा आणि रानातलं मीठ दोन्ही एकाच रीतीने वर येतात : पाणी क्षार विरघळवून आणतं, स्वतः उडून जातं आणि क्षार तिथेच ठेवतं.

दुसरा आक्षेप कायदा थोडाफार वाचलेल्यांचा. पाणी साठवणाऱ्याने ते आपल्या हद्दीत राखायचं असतं, सुटलं तर चूक असो वा नसो, नुकसान त्याचं, असा नियम आहे ना? आहे. १८६८ साली इंग्लंडच्या उमरावसभेने रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात तो कायम केला. गिरणीसाठी बांधलेल्या तलावाचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरलं होतं. पण तो नियम घरगुती नळाला जसाच्या तसा लागत नाही, हे १९१३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने रिकर्ड्स विरुद्ध लोथियन या ऑस्ट्रेलियातल्या खटल्यात सांगितलं. त्या इमारतीत कुणीतरी खोडसाळपणाने वरच्या मजल्यावरच्या बेसिनचं तोंड बुजवून नळ पूर्ण सोडून दिला आणि खालच्या भाडेकरूचा माल भिजला. न्यायालयाचं म्हणणं असं, की घरात पाणी आणणं हा इमारतीचा रोजचा, स्वाभाविक वापर आहे. तिऱ्हाइताच्या खोडीचं नुकसान मालकाच्या गळ्यात घालता येत नाही. यातून आपल्या कामाचा भाग एवढा, की भरपाई मागायची तर साधारणपणे हयगय दाखवावी लागते, नुसतं ‘पाणी वरचं’ म्हणून भागत नाही. मात्र दुरुस्तीची जबाबदारी वेगळी. माझ्या बाथरूमचा सांधा माझ्या चुकीने सुटला नाही, तो वीस वर्षांनी जुना होऊन सुटला, हे खरं असलं तरी तो मीच भरायचा. ‘माझी चूक नाही’ हे वाक्य भरपाईपुरतं उत्तर आहे, दुरुस्तीपुरतं नाही. हा फरक समजला की वरच्या सभासदाचा ताठा बराच उतरतो. दुरुस्ती कबूल केली म्हणजे गुन्हा कबूल केला आणि आता खालच्यांचं फॉल्स सीलिंगही आपल्या बोकांडी बसणार, या भीतीने तो दार लावून बसलेला असतो.

मग वरचाच जबाबदार असं सरळ गृहीत धरून मोकळं का होऊ नये? हा विचार अगदीच टाकाऊ नाही. सिंगापूरच्या कायद्यात तसं गृहीतक आहे : छताला ओल आली तर उलट सिद्ध होईपर्यंत दोष लगतच्या वरच्या सदनिकेत मानायचा. खालच्या माणसाला वरच्या घरात जाऊन पुरावा गोळा करता येत नाही, म्हणून पुराव्याचा भार वरच्यावर. न्याय म्हणून यात काही वावगं नाही. पण त्यासाठी इमारतीचे नकाशे, पाइपांच्या जागा आणि कामाचा दर्जा बऱ्यापैकी भरवशाचा हवा. आपल्याकडे मंजूर नकाशात संडास एकीकडे आणि प्रत्यक्षात दुसरीकडे, ड्राय बाल्कनीचं मोरीत रूपांतर झालेलं, डक्टमध्ये चौघांचे पाइप एकमेकांवर चढलेले. इथे हे गृहीतक आणलं तर दोनशे एकचा निरपराध माणूस पुन्हा अडकणार. मला त्यापेक्षा मलेशियाच्या २०१५ च्या नियमांतला दुसरा भाग घेण्यासारखा वाटतो. गृहीतक त्यांच्याकडेही आहे, पण त्याच्या जोडीला मुदती आहेत. तक्रार आली की व्यवस्थापनाने सात दिवसांत पाहणी करायची, पाहणीनंतर पाच दिवसांत कारण आणि जबाबदार कोण याचा दाखला द्यायचा. जबाबदार माणसाने मुदतीत दुरुस्ती केली नाही तर व्यवस्थापनाने ती करून खर्च वसूल करायचा. भांडणाला वेळच उरत नाही.

आमच्याकडे असं वसूल कसं होणार, हा यापुढचा प्रश्न, आणि इथे मी फुशारकी मारणार नाही. वादातली रक्कम सोसायटीची थकबाकी म्हणून सरळ वसूल होईलच असं नाही. सभासदाने हरकत घेतली तर १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते, आणि तिथल्या तारखा सांगायला नकोत. पण चाचणीचा लेखी अहवाल, दोघांच्या सह्यांचा पंचनामा, तारखेचे फोटो आणि सर्वसाधारण सभेचा आधीपासूनचा ठराव हातात असेल तर प्रकरण क्वचितच तिथवर जातं. तिथवर जातात ती बहुतेक ‘हा म्हणतो, तो म्हणतो’ अशी.

दार न उघडणाऱ्या माणसाचं काय? ‘माझ्या घरात फोडाफोडी चालणार नाही’ हा तिसरा आक्षेप, आणि याच्यामागे नुसता आडमुठेपणा नसतो. हौसेने बसवलेल्या टाइल्स पुन्हा त्या छटेत मिळत नाहीत. घरात म्हातारी माणसं असतात, एकच संडास असतो. म्हणून फोडण्याआधी चाचणी, हा क्रम महत्त्वाचा. पाणी उभं करून पाहायला एकही टाइल काढावी लागत नाही. चाचणीत पाणी वरचं नाही असं निघालं, तर त्या घराची सुटका लेखी होते. हे आधी सांगितलं की दारं उघडतात. खरी अडचण बंद घरांची. बारामतीत फ्लॅट घेऊन ठेवलेले मालक पुण्या-मुंबईला असतात आणि वर कॉलेजची मुलं किंवा एमआयडीसीतले कामगार भाड्याने राहतात. भाडेकरू म्हणतो मालकाला विचारा, मालक म्हणतो भाडेकरूने वापर नीट केला नाही. अशा वेळी सोसायटीने नोटीस मालकालाच द्यावी. सभासद तो आहे. भाडेकरूशी त्याने आपला हिशेब नंतर करावा.

भरपाईच्या आकड्यावर थोडं. खालच्यांची मागणी ऐकली की वाटतं, गळण्याआधी घर काल रंगवलेलं होतं. सात वर्षांपूर्वीचा रंग खराब झाला तर नव्या रंगाची पूर्ण किंमत मागणं रास्त नाही. ओल दिसूनही वर्षभर कपाट हलवलं नाही आणि ते कुजलं, तर ते वर्ष ज्याचं त्याच्या नावावर. उलट, लेखी कळवूनही वरच्याने सहा महिने प्लंबर येऊ दिला नाही, तर त्या सहा महिन्यांतलं नुकसान त्याने निमूट भरावं. हयगय म्हणतात ती हीच. छतावरचा डाग काढून मूळ रंगासारखं करून देणं एवढं सर्वसाधारणपणे पुरेसं असतं आणि बहुतेक माणसं त्यावर खूश होतात. राग पैशापेक्षा दाद न दिल्याचा असतो. आणखी एक कागद लोक विसरतात. १ एप्रिल २०२१ पासून चालू असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ विमा पॉलिसीत पाण्याची टाकी, पाइप फुटणं किंवा भरून वाहणं ही जोखीम येते. महिनोन्‌महिने झिरपणारी ओल त्यात सहसा बसत नाही. पण मध्यरात्री फ्लश टँकचा पाइप निसटून खालचं घर भिजलं, तर शेजाऱ्याशी भांडण्याआधी कर्जाच्या फायलीतली पॉलिसी काढून बघायला हरकत नाही.

उरल्या त्या छोट्या इमारती, आणि इथे त्याच जास्त आहेत. जळोची, तांदूळवाडी, रुई किंवा इंदापुरातल्या गल्लीत सहा-आठ फ्लॅटची इमारत उभी राहते. भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत असला किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसल्या तर महारेराची नोंदणी लागत नाही. पुष्कळदा सोसायटीही नोंदलेली नसते. काही ठिकाणी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र झालेलं असतं, पण त्यात सामायिक काय आणि खाजगी काय लिहिलंय ते कुणी वाचलेलं नसतं. अशा ठिकाणी माझा ‘सोसायटीने करावं’ हा आग्रह हवेत राहतो, हे मान्य. तिथे मी एवढंच सुचवतो, की सगळ्या मालकांनी एका साध्या करारावर सह्या कराव्यात आणि बँकेत एक संयुक्त खातं उघडावं. सहा जणांना हे जमवणं चोवीस जणांपेक्षा सोपं आहे. नगरपरिषदेकडे अर्ज करून फार काही हाती लागत नाही. इमारत धोकादायक झाली तर तिचे अधिकार आहेत, छतावरच्या डागासाठी नाहीत.

जिथे सोसायटी आहे तिथे मात्र सबब चालणार नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तीत एक ठराव करून घ्या : गळतीची लेखी तक्रार आली की सात दिवसांत, आधी संस्थेच्या खर्चाने, पाहणी आणि चाचणी होईल, दोन्ही घरांसमक्ष, अहवाल दोघांना मिळेल, उगम ज्याच्या हद्दीत निघेल तो दुरुस्तीचा आणि चाचणीचा खर्च देईल, सामायिक निघाला तर संस्था देईल, आणि खर्चाचा वाद असला तरी दुरुस्ती थांबणार नाही. सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी काढावी लागते. हा विषय तीत यावा म्हणून सेक्रेटरींना आताच लेखी पत्र द्या, आणि पोच घ्या.